मोहरी वेचली, मीठ राहिलं

बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो, त्या दिवसांतही मी पिशवीत स्वेटर घेऊन कामाला जाते. बसमध्ये शेजारी बसणारी बाई एकदा त्या पिशवीत डोकावून हसली होती. तिला काय सांगणार, की मी बर्फात कामाला आहे? बहारीनमध्ये बर्फ म्हटला की लोकांना सरबताचा ग्लास आठवतो.

मी आइस रिंकवर काम करते. भाड्याचे स्केट देणं, परत आलेले पुसून, औषध फवारून फळीवर लावणं आणि बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची देखभाल, असं माझं काम. शाळा आठवीत सुटली. आमच्या लांज्याकडच्या वाडीपासून पुढची शाळा लांब होती, आणि घरात माझ्या मागे तीन भावंडं. इथं आले ती एका घरी लहान मूल सांभाळायला. ते लोक देश सोडून गेले तेव्हा माझा व्हिसा संपत आला होता, आणि मी गावी काय तोंड दाखवू म्हणून झोपत नव्हते. त्याच घरी येणाऱ्या एका बहारीनी मॅडमनी विचारलं, "रिंक पे काम करेगी?" सर्टिफिकेट मागितलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांचं नाव घेऊन देवापुढे दिवा लावते. ते त्यांना माहीत नाही.

पण उपकार झाले की माझ्यासारखीला भीतीसुद्धा चिकटते. मॅडमनी ऑफिसात बोलावलं की मला वाटतं, आता नोकरी गेली. बोलावतात ते बहुतेक वेळा चहाची पूड संपली म्हणून.

दर वर्षी रिंकवर कॉलेजांच्या मुलींची आइस हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा होते. राष्ट्रीय म्हटलं की गावच्या माणसाला मोठं काहीतरी वाटतं, पण इथं अख्खा देश गाडीने दुपारभरात पालथा घालून होतो. थोडीच कॉलेजं, थोड्याच मुली. तरी त्या दिवसांत रिंकला लग्नघराची कळा येते. पहिल्या वर्षी मला खेळातलं काहीच कळत नव्हतं. एक काळी रबरी चकती, तिच्यामागे काठ्या घेऊन पोरी धावतात, आणि जाळीपुढे एक पोरगी गाद्या बांधल्यासारखी उभी असते, एवढंच दिसायचं.

ती गाद्या बांधलेली पोरगी पुढे माझ्या ओळखीची झाली. एकदा खोलीत ती पायाचे पॅड बांधत होती आणि पट्टा काही केल्या लागेना. मी आपली सवयीने मराठीत पुटपुटले, "अगं, उलटा घातलायस तो." तिने मान वर केली आणि म्हणाली, "ओ! यू स्पीक मराठी?" तिचे आई-वडील गुहागरकडचे, राहायला सनाबिसला. वडील एका कंपनीत ड्रायव्हर. पोरीचा जन्म इथला, शाळा इंग्रजीतली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत. मला मात्र ती मावशी म्हणायला लागली. "मावशी, माय लेस इज ब्रोकन." "मावशी, डिड यू ईट?" मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत, आणि आमचं दोघींचं अगदी बरं चालायचं.

मी सांगते आहे ते तिच्या शेवटच्या वर्षाचं. तिचं कॉलेज तोवर कधीच फायनलला पोचलं नव्हतं. त्या वर्षी साखळी सामन्यांत रडतखडत दुसऱ्या नंबरावर आलं आणि पोचलं. समोरचा संघ पहिल्या नंबरावरचा, तगडा. नियम असा होता की काही कारणाने फायनल झाली नाही, तर कप साखळीतल्या पहिल्या नंबराला. आणि त्याच संध्याकाळी रिंक बाहेरच्या कुटुंबांना खेळायला उघडायचा होता. कुणाचा तरी वाढदिवसही होता, फुगे येऊन पडले होते. म्हणजे फायनल व्हायची ती त्या दुपारीच. परीक्षा झाल्यावर ती नोकरीला लागणार होती. ती मला म्हणाली होती, "मावशी, विन ऑर लूज, आय जस्ट वाँट टू प्ले इट." हरलो तर चालेल, पण खेळायचं आहे. एवढं इंग्रजी मला कळतं.

त्या दुपारी तिची आई आली. आधी एकदा दारात ओळख झाली होती; मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला ताई. हातात पर्स, आणि पर्स अशी छातीशी धरलेली की आत जिवंत काहीतरी असावं.

"ताई," त्यांनी मला बाजूला घेतलं, "पोरगी काल मैत्रिणीकडंच ऱ्हायली. आज कॉलेजच्या बसनं परस्पर आली. मला गावलीच नाय."

"मग आता भेटा की. आत जाळीजवळ आहे."

"भेटायचं नाय हो नुसतं." त्यांनी पर्स किंचित उघडून दाखवली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडं मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. "दृष्ट काढायची हाय. केवढे लोक बघतायत तिच्याकडं! त्या दिवशीच्या मॅचला किती अडवलन तिनं, सगळीकडं फोटो टाकलेत पोरींनी. मला झोप नाय."

मला ते पटत होतं. दोन दिवसांपूर्वीच सराव करताना पोरीच्या मनगटाला चकती लागली होती. नजर नाही तर काय!

सरावाचा वेळ संपला होता. बाकीच्या मुली खोलीत परतल्या होत्या. हिची एक सवय होती, सगळ्या गेल्या तरी आपल्या जाळीपुढे थोडा वेळ एकटी उभी राहायची. देवळात नमस्कार झाल्यावरही माणसं गाभाऱ्यापुढे रेंगाळतात ना, तशी. प्रेक्षकांनी बर्फावर जायचं नसतं. पण दोन मिनिटांचं तर काम, आणि आई म्हणजे काय प्रेक्षक? मी वहिनींच्या चपलांवर खालून पकड असलेली रबरी कव्हरं चढवली आणि कडेच्या फाटकातून हात धरून त्यांना बर्फावर नेलं.

पोरीने शिरस्त्राणाची जाळी वर केली. "आई! नो! नॉट हिअर!"

"गप उभी ऱ्हा. उगाच हलू नको."

"मावशी, टेल हर!"

"उभी राहा गं दोन मिनिटं," मी म्हटलं. "आईचं मन आहे."

ती उभी राहिली. एवढे मोठे पॅड, एवढी मोठी काठी, आणि चेहरा बालवाडीतल्या पोरीसारखा पडलेला. वहिनींनी मिरच्या पर्समध्येच ठेवल्या, दोन्ही मुठींत मीठ-मोहरी घेतली आणि तोंडाने पुटपुटत तिच्यावरून उतरवायला लागल्या. आल्यागेल्याची, शेजारणीची, दुसऱ्या कॉलेजवाल्यांची, फोटो काढणाऱ्यांची. त्या शेवटची मूठ फिरवत असताना एका पायातलं कव्हर निसटलं. वहिनी मागे कलल्या. पोरीने काठी टाकून आईला धरलं, मीही धरलं, आणि सावरायच्या नादात त्यांच्या दोन्ही मुठी उघडल्या.

पडल्या नाहीत, हे नशीब. आम्ही तिघीही आधी घाबरलो, मग हसलो.

मोहरी पांढऱ्या बर्फावर अशी दिसत होती की कुणी टिंबं टिंबं काढावीत. वहिनी लगेच वाकल्या. "एक दाणा ऱ्हाता नये गो. घसरंल पोरगी." आम्ही दोघींनी दाणा न दाणा वेचला. मोहरी वेचली, मीठ राहिलं. बर्फावर मीठ कुठे दिसतंय! दिसलं नाही म्हणून आठवलंही नाही. मी वहिनींना बाहेर आणून बाकावर बसवलं. पोरीने आपली पुन्हा सवयीप्रमाणे जाळीपुढची जागा स्केटच्या पात्यांनी खरवडली, पाय घसरू नये म्हणून गोलकीपर तसं करतात. म्हणजे जे मीठ वर होतं, तेही आत गेलं.

फायनलच्या आधी बर्फ गुळगुळीत करायचं मोठं मशीन फिरतं. ते चालवतो आमचा चेट्टा. केरळचा आहे म्हणून सगळे त्याला चेट्टाच म्हणतात, म्हणजे दादा. अबोल माणूस. बर्फाकडे असा बघतो, जसा माझा काका पेरणी झालेल्या वाफ्याकडे बघायचा. मशीन एक फेरी मारून त्या जाळीजवळ आलं आणि थांबलं. चेट्टा खाली उतरला, गुडघ्यावर बसला. बोट लावलं आणि बोट जिभेला लावलं.

"नमक?" त्याने मान वर केली. "बर्फ पे नमक किसने डाला?"

मी काचेपलीकडून बघितलं. जाळीपुढे खड्डे पडले होते. देवीचे व्रण असावेत तसे बारीक बारीक, आणि मधला एक वाटीएवढा. त्यात पाणी. मिठाचं पाणी गोठत नाही, ते बर्फ खात खाली जातं. स्केटचं पातं त्यात अडकलं तर घोटा मोडतो, असं चेट्टा म्हणाला. पंच आले, वाकून बघितलं, ओठ आवळले. मग मॅडम आल्या.

"बाद में खेल सकते?" त्यांनी चेट्टाला विचारलं.

"मॅडम, पार्टी का लोग आनेवाला है."

पंचांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. काय ठरलं ते इंग्रजीत बोलले, पण हातवाऱ्यावरून मला कळलं. वाट बघू, पण फार नाही. त्यात झालं तर झालं, नाहीतर खेळाविनाच निकाल.

मॅडम वळल्या. "कौन लेके आया था अंदर?"

"मैं, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाकावर पर्स धरून बसलेल्या वहिनींकडे. "बाद में," एवढंच म्हणाल्या.

हे "बाद में" पुढची सगळी दुपार माझ्या मानेवर बसून होतं. ओरडल्या असत्या तर मोकळी झाले असते.

वहिनींना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजे माज्यामुळं पोरगी खेळायची नाय?" पोरगी खोलीच्या दारात पॅड बांधून उभी होती. तिला कळलं होतं. तिने आईकडे पाठ फिरवली, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं.

चेट्टा तोवर कामाला लागला होता. पटाशीसारख्या हत्याराने त्याने खारट बर्फ उकरून काढला, पाणी टिपून घेतलं. मशीनच्या पोटात किसलेला बर्फ साचतो, खोबऱ्याच्या किसासारखा. तो बादलीत भरून आणला, त्यात थोडं पाणी घालून लगदा केला. खड्ड्यात लगदा दाबायचा, सारखा करायचा, गोठवायचा. पण खड्डे होते पुष्कळ, आणि हात दोनच.

"और कोई है?" तो ओरडला.

मी गेले. मागे बघते तर वहिनी. या वेळी दोन्ही कव्हरं नीट घट्ट करून. मी भांडी घासायचे रबरी हातमोजे आणले होते, एक जोडी त्यांना दिली.

चेट्टाने त्यांच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "आप वही नमकवाली?"

"हा," वहिनी त्यांच्या हिंदीत म्हणाल्या. "मैं डाली, मैं भरेंगी."

तो पहिला खड्डा थापीने भरून दाखवत होता. दाब असा, वर थोडा जास्त ठेव, कडेला फट नको. वहिनींनी बघितलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे तर सारवायचंच हाय की."

मग त्या गुडघ्यावर बसल्या आणि लगदा घेऊन तळव्याने अर्धगोल ओढायला लागल्या. एक ओढ इकडून, एक तिकडून, पहिल्या ओढीची कड दुसरीच्या पोटात. मीही तेच करत होते. किती वर्षांनी! आमचं खळं दर वर्षी असं सारवायचं असायचं. आई पुढे सरकत सरकत मागे बघायची आणि म्हणायची, "तुझा पोत दिसतोय गं मेल्ये, एकसारखं कर." इथं शेण नव्हतं, माती नव्हती, आणि हात उबेऐवजी गारठून चालले होते. मोज्यांतून बोटं कुठे संपतात ते कळेना. पण हात विसरले नव्हते.

"ताई, ह्यो कोपरा ऱ्हायला तुमचा."

"करते हो. तुम्ही पुढे व्हा."

"आमच्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मागं पाय उठवू नका."

काचेपलीकडे दोन्ही संघांच्या पोरी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणीतरी फोन काढून आमचा व्हिडिओ घ्यायला लागली. वहिनी मान न वळवता म्हणाल्या, "आता आपली दृष्ट कोन काढील?" मला अशा वेळीही हसू आलं.

सगळं भरून झालं. चेट्टाने भिंतीवरचा आग विझवायचा गॅसचा सिलिंडर आणला; त्यातला गॅस बर्फाहून गार असतो. "पीछे, पीछे!" म्हणाला आणि नळी धरून दाबली. फुस्स करून पांढरा ढग उठला, जाळी दिसेनाशी झाली. ढग विरला तेव्हा आमचं सारवण टणक झालं होतं. त्याने त्यावर मशीनचं पाणी पातळ सोडलं, पुन्हा वाट पाहिली. मग स्वतः बुटाची टाच आपटून बघितली. पंचांनी स्केट घालून तिथं गोल फिरून बघितलं, एकदा पातं आडवं करून जोराने थांबले. थोडा भुगा उडाला, बाकी काही नाही.

पंचांनी अंगठा वर केला.

"यल्ला, यल्ला!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. पोरी धावल्या. आमची पोरगी बर्फावर उतरताना आईजवळ क्षणभर थांबली. जाडजूड हातमोज्याने आईच्या डोक्यावर एक टपली मारली आणि गेली.

फायनल झाली. खेळाचं मी काय सांगणार? मी आणि वहिनी काचेला नाक लावून उभ्या होतो, आणि आमच्या दोघींचे डोळे चकतीवर नव्हतेच. जाळीपुढच्या त्या तुकड्यावर होते. बाकीच्या बर्फापेक्षा तो जरा मंद दिसायचा, नव्या भिंतीवर जुन्या रंगाचा हात फिरल्यासारखा. कुणी पोरगी त्यावरून जोरात गेली की वहिनी माझा दंड धरायच्या. एकदा चकती नेमकी त्यावरूनच घसरत आली. उडेल, वाकडी होईल, काय होईल, म्हणून मी काचेवर दोन्ही तळवे टेकले. ती सरळ आली आणि पोरीच्या पॅडमध्ये मऊ जाऊन बसली.

"बसलं ओ ताई," वहिनी म्हणाल्या. चकतीबद्दल नव्हे, सारवणाबद्दल.

खेळाचे तीन भाग असतात, मधल्या भागात संघ बाजू बदलतात. पोरगी पलीकडच्या जाळीपुढे गेली, जिथं मीठ नव्हतं, खड्डा नव्हता, काहीच नव्हतं. आणि तिथंच गोल झाला. गर्दीतून चकती आली, तिला दिसलीच नाही. शेवटच्या भागात ती पुन्हा आमच्या बाजूला आली. तिने आडवं पडून, उभं राहून, काठीने, छातीने किती अडवलं, पण तिच्या संघाला गोल काही करता आला नाही. एका गोलाने हरल्या. सगळ्या पोरी एकमेकींना मिठ्या मारून रडल्या, जिंकलेल्यासुद्धा. ती मात्र शिरस्त्राण काढून जाळीला टेकून थोडा वेळ तशीच उभी राहिली, आपल्या सवयीप्रमाणे. चेहरा लाल, केस ओले. मग इकडे बघून तिने हात हलवला.

मला वाटलं, आता "बाद में".

मॅडम खरंच आल्या. मी स्वेटरची बटणं उगाच लावत, काढत उभी. त्यांनी वहिनींना विचारलं, "वो नमक किस के लिए था? ऐन के लिए?" ऐन म्हणजे इथली नजर. वहिनींना शब्द कळला नाही, पण मॅडमनी डोळ्याकडे बोट केलं तशी त्यांनी मान हलवली.

"मेरी नानी फिटकरी जलाती थी," मॅडम म्हणाल्या. "मेरे लिए, हर इम्तिहान से पहले." मग माझ्याकडे वळल्या. "अगली बार पार्किंग में. बर्फ पे मफी नमक. समझी?"

"समझी, मॅडम." मफी म्हणजे अजिबात नाही, एवढं अरबी मला येतं.

"खलास. जाओ, हाथ गरम करो."

एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी थंडीवर ढकललं.

वाढदिवसवाल्यांचे फुगे आत जात होते, तेव्हा मी मायलेकींना सोडायला पार्किंगमध्ये गेले. बाहेर पडल्याबरोबर गरम हवेचा झोत अंगावर आला, आणि पहिल्यांदाच त्या उकाड्याचं मला बरं वाटलं. बोटांत मुंग्या यायला लागल्या. गाडीजवळ पोचताच वहिनी अचानक थांबल्या.

"ताई, एक इचारू? तुमी बघितलंत ना? ज्या बाजूला मीठ पडलं, त्या बाजूला एकपन गोल झाला नाय."

मी आठवून बघितलं. खरंच होतं.

"दोन्हीकडं पाडायला हवं हुतं," वहिनी अगदी मनापासून हळहळल्या.

पोरगी गाडीच्या टपावर डोकं टेकून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, "आई, गप गो!" अस्सल गुहागरी. कुठे लपवून ठेवली होती कोण जाणे.

वहिनींनी पर्समधून उरलेलं मीठ-मोहरी काढलं, या वेळी मिरच्यांसकट. पोरगी निमूट उभी राहिली. तिच्यावरून उतरवून झाल्यावर मी बाजूला सरकले, तर वहिनी म्हणाल्या, "तुमी कुटं चाललात? या हितं. आज तुमच्यावरनं काय कमी गेलं?"

"माझी कशाला हो वहिनी? मला कोण बघतंय?"

"ऱ्हावा म्हणते ना."

मी राहिले. तापलेल्या डांबरावर, हातात घडी केलेला स्वेटर घेऊन. डोक्यावरून मूठ फिरताना मीठ मुठीत किरकिरतं, तो आवाज मी गाव सोडल्यापासून ऐकला नव्हता. आल्यागेल्याची, मॅडमची, पंचाची, फोन धरणाऱ्या पोरींची. चेट्टाची नको, असं त्या मध्येच थांबून म्हणाल्या, तो चांगला माणूस हाय. मुठी झाकून त्यांनी सगळं पुन्हा पिशवीत बांधलं, घरी गॅसवर जाळायला.

संध्याकाळी मी लहान मुलांचे स्केट फळीवर लावत होते तेव्हा फोनवर वहिनींचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. मागे कढईत काहीतरी परतल्याचा आवाज, आणि पोरगी इंग्रजीत काहीतरी विचारत होती.

"ताई, आत्ता जाळलं. मिरच्यांचा जरासुदा ठसका नाय आला. बघा, केवढी लागली हुती! दोघींना."